पिल्लांची आतली नखं काढायची का? आधी बोटाने चाचपून बघा

पत्र: डॉक्टर ताई, आमच्या जर्मन शेफर्ड सोनीला परवा रात्री सहा पिल्लं झाली, सगळी नीट दूध पितायत. पुढच्या पायांना आतल्या बाजूचं ते वरचं नख सगळ्यांनाच आहे, पण दोन पिल्लांच्या मागच्या पायांना पण आहे, एकाचं नुसतं लोंबतंय, दुसऱ्याचं जरा घट्ट वाटतं. मिस्टरांच्या ओळखीचे एक केनेलवाले म्हणतात तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यांचे चारी पायांचे ड्यू क्लॉ, म्हणजे हीच आतली नखं, उडवून टाका, एवढ्या लहानपणी काही कळत नाही, दोरा नाहीतर रबर बांधलं तरी आपोआप गळून पडतं. सासरे म्हणतात वीस नखी कुत्रं घराला चांगलं, हात लावायचा नाही. पुण्याचं एक गिऱ्हाईक आहे त्याला 'क्लीन', म्हणजे ही नखं नसलेले, पाय पाहिजेत. इथल्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले तुम्ही सांगाल तसं करू. आमच्या आधीच्या गावठी कुत्र्याचं हे नख गोल वाढून मांसात घुसलं होतं, फार हाल झाले त्याचे, म्हणून मला पण वाटतं काढलेलंच बरं, पण पिल्लं हातात घेतली की धीर होत नाही. दोनच दिवस उरलेत, काय करू? — एक वाचक, मिरज

अहो ताई, आधी ते 'दोनच दिवस उरलेत' डोक्यातून काढून टाका बरं, कारण सगळी घाई त्यानेच होतेय. तिसरा ते पाचवा दिवस हा कापणाऱ्याच्या सोयीचा असतो, तेव्हा हाड मऊ असतं, रक्त कमी जातं, पिल्लू तळहातावर मावतं आणि पूर्ण भूल न देता मिनिटभरात उरकतं, एवढाच त्याचा अर्थ. तो दिवस हुकला म्हणून कुठल्या पिल्लाचं काही नुकसान होत नाही. पुढे काढायची गरज पडलीच तर नसबंदीच्या वेळी, ते भुलीत असतानाच, तेही काम होऊन जातं, वेगळी भूल नको की वेगळी धावपळ नको.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्या पायांच्या नखांना हात लावू नका, सहाच्या सहा पिल्लांच्या. मागचं जे घट्ट आहे ते पण राहू द्या. मागचं जे लोंबतंय तेवढंच काढायचा विचार करा, तो पण डॉक्टरांकडून, आणि आत्ता नको वाटत असेल तर सरळ नसबंदीपर्यंत थांबा. दोरा आणि रबर मात्र घरातसुद्धा आणू नका. एवढंच पाहिजे असेल तर इथे थांबलात तरी चालेल, पण मिस्टरांना, सासऱ्यांना आणि त्या केनेलवाल्यांना काय सांगायचं ते पुढे आहे.

पुढच्या आणि मागच्या नखाला आपण एकच नाव देतो तिथेच सगळा घोळ सुरू होतो. पुढच्या पायाचं ते नख म्हणजे कुत्र्याचा अंगठा आहे, खराखुरा. त्यात हाडं आहेत, सांधा आहे, वरून स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, येऊन त्याला जोडलेले आहेत, म्हणजे कुत्रं ते हलवू शकतं. सोनी हाडूक किंवा च्यू स्टिक घेऊन बसली की तिच्या पुढच्या पायांकडे बघा, दोन्ही पंजे वाकवून ती वस्तू आतल्या बाजूने दाबून धरते, ते दाबणं या अंगठ्याचं असतं. डोळ्याच्या कोपऱ्यातलं काहीतरी पुसून काढताना, काठावरून चढून वर येताना, प्रत्येक वेळी तो कामाला येतो. आणि खरी मजा धावताना आहे. उभं असताना तो जमिनीच्या वर असतो म्हणून लोक म्हणतात बिनकामाचा आहे, पण कुत्रं जोरात पळतं तेव्हा पुढच्या पायाचं मनगट एवढं खाली वाकतं की अंगठा जमिनीला टेकतो, वळण घेताना तर तो चक्क रुततो आणि पाय पिळवटू देत नाही. विश्वास नसेल तर पाऊस पडून गेल्यावर एखादं तगडं कुत्रं रानात सोडा आणि मग चिखलातले ठसे बघा, चालीच्या ठशात चार बोटं दिसतात आणि पळण्याच्या ठशात कधीकधी मागे बाजूला पाचवी खूण पण.

२०१८ मध्ये अमेरिकन पशुवैद्यकांच्या जर्नलमध्ये एक सर्व्हे आला होता, अजिलिटी म्हणजे त्या अडथळ्यांच्या शर्यतीतल्या कुत्र्यांच्या बोटांना होणाऱ्या दुखापतींबद्दल. पुढचे ड्यू क्लॉ नसलेल्या कुत्र्यांमध्ये बाकीच्या बोटांना इजा होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली. मालकांनी भरून दिलेला सर्व्हे आहे, त्यामुळे हा शेवटचा शब्द असं मी म्हणणार नाही, पण 'काढलं की दुखापत टळते' असं जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्या बाजूने तरी तो बोलत नाही, उलटच बोलतो. त्याच सर्व्हेत लांब नखं ठेवलेल्या कुत्र्यांमध्ये पण धोका जास्त निघाला, त्यावर खाली येतेच.

कोणीतरी हुशार माणूस तुम्हाला सांगेल की आफ्रिकेतल्या रानकुत्र्याला पुढच्या पायाला चारच बोटं असतात आणि तो तर मैलोन्मैल पळतो. खरं आहे. पण त्याचा सगळा पाय पिढ्यानपिढ्या तसाच घडत आलाय, हरवलेल्या बोटाच्या जागी त्याच्या पायातल्या स्नायूंची रचनाच बदललेली आहे. तुमच्या पिल्लाचा पाय पाच बोटांसाठी बनलाय, त्यातलं एक कात्रीने कमी केलं तर बाकीचे स्नायू कोणी नव्याने लावून देणार नाही.

मागच्या पायाचं प्रकरण वेगळं. बहुतेक कुत्र्यांना मागे अंगठा नसतोच. पुढे पाच-पाच दहा, मागे चार-चार आठ, एकूण अठरा नखं, हा नेहमीचा हिशोब. मागे एक एक जास्तीचं आलं की वीस, म्हणजे सासऱ्यांचं मोजणं एकदम बरोबर आहे, गावाकडची जुनी माणसं कुत्रं घेताना पाय उचलून बघतात ते उगाच नाही. घराला चांगलं असतं की नाही यावर मी काही बोलत नाही, तो त्यांचा विषय. वीस नखांचं कुत्रं जास्त तापट किंवा जास्त राखणदार असतं याला काही आधार नाही, ते आईबापांकडून येतं आणि तुम्ही कसं वाढवता त्यावर जातं. पण यावेळी सासऱ्यांच्या हट्टामुळे चार दिवस कात्री लांब राहणार असेल तर राहू दे, भांडू नका त्यांच्याशी.

ही मागची नखं बहुतेक वेळा आनुवंशिक असतात, म्हणून एकाच वेतातल्या दोघांना आली आणि चौघांना नाही. यात दोन प्रकार असतात आणि निर्णय त्यावरच करायचा. एकात आत हाड असतं, नख पायाला घट्ट बसलेलं असतं, हलवलं तर सांध्यासारखं थोडं हलतं आणि परत जागेवर येतं. असं नख तसं कोणाच्या अध्यातमध्यात नसतं. दुसऱ्यात हाडबीड काही नसतं, नुसतं कातडीला लटकलेलं नख, बोटाने गोल फिरवलं तर पूर्ण फिरतं. हे मात्र मोठेपणी त्रास देऊ शकतं, काटेरी झुडपात अडकतं, चादरीत अडकतं, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती करताना ओढलं जातं, आणि फाटलं की रक्त भरपूर येतं. म्हणून लोंबणाऱ्याचा विचार करा म्हटलं, आणि घट्ट असलेल्याला सोडा म्हटलं. दोन दिवसांच्या पिल्लात सगळंच मऊ असतं त्यामुळे हाड आहे की नाही ते तुम्हाला बोटाला कळेलच असं नाही, डॉक्टरांकडून चाचपून घ्या, त्यांनाही शंका असेल तर दोन-तीन महिन्यांनी परत बघा, तोपर्यंत स्पष्ट होतं. थांबण्याचा हा एक फायदाच आहे.

आणि 'जास्तीचं नख म्हणजे खोड' असं जर कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की फ्रान्समध्ये बोसरॉन नावाची मेंढ्या राखणारी जात आहे, तिला मागच्या प्रत्येक पायाला दोन-दोन असे अंगठे असलेच पाहिजेत, नसले तर डॉग शोमधून बाहेर. ब्रियार्ड या दुसऱ्या फ्रेंच जातीचं तसंच. नॉर्वेचं लुंडेहुंड म्हणून कुत्रं आहे, समुद्रकाठच्या कड्यांवर चढून पफिन पक्षी पकडायचं त्याचं काम असायचं, त्याला एकेका पायाला सहा बोटं. म्हणजे एकीकडे जे नाही म्हणून नापास, ते दुसरीकडे आहे म्हणून कापा. यातलं किती कुत्र्याच्या भल्यासाठी आणि किती माणसाच्या नजरेसाठी ते तुम्हीच ठरवा.

आता दुखण्याचं. 'एवढ्या लहानपणी काही कळत नाही' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, खोटं कशाला बोलू. माणसांच्या तान्ह्या बाळांबद्दल पण डॉक्टरांचं हेच म्हणणं होतं, १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांची मोठी मोठी ऑपरेशनं अगदी नावापुरत्या भुलीवर व्हायची. मग भारतीय वंशाच्या डॉ. के. जे. एस. आनंद यांनी हे सगळं उघडं पाडलं, १९८७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला त्यांचा लेख त्यातला सगळ्यात गाजलेला, आणि तिथून ती समजूत मोडायला लागली. पिल्लांचं पण वेगळं नाही. वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा जन्मतः चालू असतात, वेदना दाबून धरणारी जी यंत्रणा असते ती मात्र अजून कच्ची असते, म्हणजे कमी दुखत नाही, उलट जास्त दुखत असण्याची शक्यता आहे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात तीन ते पाच दिवसांच्या ५० पिल्लांची शेपटी कापताना नीट निरीक्षण करून ठेवलं होतं, कापताना पिल्लं ओरडली, परत परत ओरडली. हेही सांगते की पुढे काही मिनिटांत ती शांत होऊन झोपली, आणि ते झोपलेलं पिल्लू बघूनच लोक म्हणतात बघा काही कळलं नाही त्याला. डोळे मिटलेले, धड चालता येत नाही, दुखतंय हे दाखवायला त्याच्याकडे दुसरं आहे काय?

म्हणजे कधीच काढायचं नाही असं नाही. लोंबणारं नख डॉक्टरांनी जागा बधिर करून, स्वच्छ हातांनी काढलं तर ते लहानसं काम आहे आणि त्याला मी चूक म्हणणार नाही. फक्त 'दुखत नाही' म्हणून करू नका, दुखेल हे धरून ठरवा.

दोऱ्याचं आणि रबराचं काय होतं ते ऐका म्हणजे परत कोणी सुचवलं तर तुम्हीच गप्प कराल. दोरा आवळला की त्या बोटाचं रक्त बंद होतं, ते सुजतं, काळं पडतं, कुजतं आणि मग गळतं, हे सगळं काही तासांत नाही तर काही दिवसांत, आणि ते सगळे दिवस ते दुखत असतं. पुढच्या पायाला बांधलात तर आत हाड आणि सांधा आहे, तो काही रबराने सुबक कापला जात नाही, पू होतो, वरचं गळून आतला तुकडा राहतो आणि पुढे तिथूनच वाकडंतिकडं नख परत उगवतं. वर आई दिवसरात्र चाटत असते, ती दोरा ओढणार, खाणार. आणि आपल्याकडे पावसाळ्यात माशा, ओल्या कुजक्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. तीन-चार दिवसांच्या पिल्लात किडे पडलेली जखम म्हणजे पिल्लू वाचवणं अवघड, एवढं स्पष्ट सांगते.

केनेलवाल्यांनी स्वतः कात्री चालवायची तयारी दाखवली असेल तर तेही नको. इंग्लंडमध्ये १९६६ च्या कायद्यानुसार पिल्लाचे डोळे उघडायच्या आत अठरा वर्षांवरचा कोणीही माणूस ड्यू क्लॉ काढू शकतो, आणि तिकडची ब्रीडर लोकांची पुस्तकं, व्हिडिओ बघून आपल्याकडे पण वाटतं की हे घरचंच काम आहे. आपल्याकडे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे आणि जनावरावर शस्त्रक्रिया करणं हे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाचं काम आहे, केनेल कितीही जुनं असलं तरी.

तुमच्या गावठी कुत्र्याचं नख मांसात घुसलं ते वाचून वाईट वाटलं, आणि त्यामुळेच तुम्ही काढायच्या बाजूला झुकताय हे मला समजतं. पण ते नख होतं म्हणून नाही झालं, ते कापलं गेलं नाही म्हणून झालं. बाकीची नखं रस्त्यावर घासून झिजतात, हे जमिनीला कमी लागतं म्हणून झिजत नाही, नुसतं वाढत जातं, आणि वाढताना गोल वळतं, शेवटी टोक परत पायातच शिरतं. म्हाताऱ्या आणि कमी हिंडणाऱ्या कुत्र्यांत हमखास, केसाळ कुत्र्यांत तर केसाखाली दिसत पण नाही. तेव्हा तुम्हाला कोणी हे सांगितलंच नसणार, त्यात तुमचा काय दोष. या पिल्लांना मात्र लहानपणापासून सवय लावा, म्हणजे पायाला हात लावला की दात दाखवणारं जर्मन शेफर्ड पुढे तुमच्या वाट्याला यायचं नाही (ते तीस-पस्तीस किलोचं झाल्यावर सवय लावणं म्हणजे काय असतं ते केनेलवाल्यांना विचारा, ते हसतील नुसते).

सुरुवात याच आठवड्यात करा, आणि याचा फायदा सोनीला पण आहे. पिल्लं दूध पिताना पुढच्या पायांनी आईचं पोट दाबत असतात आणि त्यांची नखं सुईसारखी टोकदार असतात, सडांच्या भोवती ओरखडे पडून लाल होतं, मग दुखतं म्हणून आई उठून जाते. त्यामुळे आठवड्यातून एकदा माणसांच्या साध्या नेलकटरने प्रत्येक नखाचं फक्त टोक काढायचं, अंगठ्याचं पण. जास्त आत जायचं नाही. मोठं झाल्यावर कुत्र्यांचा कटर घ्या, नाहीतर ग्राइंडर, आणि तीन-चार आठवड्यांनी एकदा बघत जा. पांढरं नख असेल तर आत गुलाबी भाग दिसतो, तो जिवंत भाग, त्याच्या अलीकडे थांबायचं. पण जर्मन शेफर्डची नखं काळी, त्यात काही दिसत नाही, म्हणून एकदम कचकन कापायचं नाही, चकत्या काढल्यासारखं पातळ पातळ काढत जायचं आणि कापलेल्या जागेवर मधोमध काळसर ठिपका दिसायला लागला की बास. थोडं रक्त आलंच तर घाबरू नका, कॉर्नफ्लोअरची चिमूट लावून बोटाने पाच मिनिटं दाबून धरा, थांबतं. दर वेळी नख झालं की काहीतरी खायला द्या. महत्त्वाचं म्हणजे चार पायांची कापताना अंगठा विसरायचा नाही, लोक विसरतात ते नेमकं हेच.

तरीही कधी फाटलंच, म्हणजे अर्धं तुटून लटकलं, तर ओढून काढायचं नाही. स्वच्छ कापड किंवा गॉज गुंडाळून दहा मिनिटं दाबायचं, सैलसर बांधायचं आणि दवाखान्यात न्यायचं. चाटू द्यायचं नाही. आणि घरातली दुखण्याची गोळी द्यायची नाही, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, यातलं काहीही नाही, पाव गोळी पण नाही. नखाने कुत्रं मरत नाही पण या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊन, किडनी जाऊन मरतं, आणि असं होतं म्हणूनच एवढं ठासून लिहितेय.

समजा सगळं वाचून तुम्ही ठरवलंत की लोंबणारं आत्ताच काढून टाकू, तर डॉक्टरांना जाण्याआधी फोनवर विचारा की जागा बधिर करणार का, टाका घालणार की नुसतं दाबून सोडणार, आणि आत हाडाचा तुकडा राहणार नाही ना. 'तुम्ही सांगाल तसं करू' म्हणणारे डॉक्टर वाईट नसतात हो, बरेचदा मालक आधीच ठरवून आलेले असतात म्हणून ते वाद घालत नाहीत, तुम्ही 'तुमचं स्वतःचं कुत्रं असतं तर काय केलं असतं' असं विचारलंत तर वेगळं उत्तर मिळेल. जाताना सोनीला पण न्या, पिल्लांना उबदार टॉवेलात, टोपलीत, आणि शक्यतो दवाखान्यात इतर कुत्र्यांची गर्दी नसेल अशी वेळ मागून घ्या, पिल्लांना अजून कसल्याच लसी नाहीत. ज्याचं वजन वाढत नाहीये किंवा जे किरकिर करतंय त्या पिल्लाला अजिबात नेऊ नका. आणि नंतर दोन-तीन दिवस जागा रोज बघा, सूज, ओल, वास, काहीही वाटलं तर परत दाखवा. नसबंदीपर्यंत थांबलात तर तेव्हा टाके असतील, पट्टी असेल, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घालावा लागेल, दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात. त्रास तोही आहे, पण तेव्हा ते पूर्ण भुलीत असतं आणि दुखण्याचं औषध नीट वजनावर देता येतं, म्हणून मला स्वतःला तो रस्ता बरा वाटतो.

खरं सांगू का, या आठवड्यात नखांपेक्षा लक्ष द्यायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्यांच्याबद्दल पत्रात एक ओळ पण नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, खोक्यात साधारण २९ ते ३२ अंश ऊब पाहिजे, आणि एका कोपऱ्यात जरा कमी, म्हणजे गरम झालं तर सरकता येईल. रोज एका ठरलेल्या वेळी किचनच्या काट्यावर प्रत्येकाचं वजन करून वहीत लिहा, ते रोज थोडं तरी वाढायला पाहिजे, आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला पाहिजे. एखाद्याचं दोन वेळा लागोपाठ वाढलं नाही तर त्याच दिवशी दाखवा, उद्यावर टाकू नका. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या मधे, रेबीजची तीन महिन्यांना. सोनीला भरपूर खायला, आणि पाणी तिच्या तोंडाजवळ.

राहिलं ते पुण्याचं गिऱ्हाईक. 'क्लीन पाय' त्यांना शोसाठी पाहिजेत की कोणीतरी सांगितलं म्हणून पाहिजेत ते विचारा. अमेरिकन केनेल क्लबच्या जर्मन शेफर्डच्या स्टँडर्डमध्येच, म्हणजे ती जात कशी असावी याच्या वर्णनात, लिहिलंय की पुढचे ड्यू क्लॉ काढता येतात पण साधारणपणे ठेवतात, मागचे असतील तर काढावेत. म्हणजे पुढच्या नखांवरून नाक मुरडायला तिथेही जागा नाही, आणि मागचं ज्या दोघांना आहे ते सोडून बाकी चार पिल्लं आहेतच की तुमच्याकडे, त्यातलं घ्या म्हणावं. त्यांना घाई असली तरी आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देऊ नका, २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांत त्याआधी विकायला बंदी आहे, आणि पिल्लं विकायची म्हणजे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ती केली नसेल तर मिस्टरांना आधी त्या कामाला लावा. वीस नखांची दोन्ही मात्र विकायच्या यादीत घालण्याआधी सासऱ्यांना विचारा, माझा अंदाज असा की त्यातलं एक तरी मिरजेतच राहणार.